डावीकडचा जिना

भट्टी तापायला अजून वेळ होता. पीठ मळून झालं होतं आणि ओल्या फडक्याखाली फुगत होतं. आम्ही चौघं मैद्याच्या पोत्यांवर बसलो होतो आणि लांब्या सुट्टी मागत होता.

“शनिवारी संध्याकाळी जरा सोडा ना काका.”

“का रे? मुलगी बघायला निघालास?”

सगळे हसले. लांब्याचे कान लाल झाले.

“नाही हो. आमच्या जुन्या नाटकमंडळीचे खेळ आहेत. वर्षअखेरचे. लहानपणी मी होतो त्यांच्यात. आता नवी पोरं करतात. नुसतं बघून येतो.”

“तू आणि नाटकात?” कोणीतरी म्हणालं. “काय व्हायचास, शिडी?”

“पहारेकरी.”

पुन्हा हसू झालं. भट्टीवाले काका मात्र हसले नाहीत. त्यांनी भट्टीत एक लाकूड सरकवलं, हात झटकले आणि लांब्याकडे बघितलं.

“दोन प्रवेशांच्या मध्ये दिवे घालवतात ना, तेव्हा अजिबात आवाज करायचा नाही, असं शिकवलं होतं का तुम्हाला?”

“हो तर. खोकलासुद्धा नाही.”

“हं.”

मग काका म्हणाले, “जा. सुट्टी दिली. पण जायच्या आधी एक ऐकून जा. हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. मी आणि एक मशीनवाला एका खोलीत भाड्याने राहायचो, त्याच्या बाबतीतलं आहे. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. खोटं बोलायला आधी तोंड तर उघडावं लागतं.”

मग काकांनी सांगितलं ते असं.

शिलाई मशीन दुरुस्त करायचा तो. हत्यारांची पेटी घेऊन घरोघरी फिरायचा. बोटं अशी, की अंधारात सुईत दोरा ओवेल. पण शब्द काढायचा म्हणजे त्याला खोल विहिरीतून पाणी काढल्यासारखं व्हायचं. एक दिवस बहिणीचा निरोप आला. मशीनचं शटल मोडलंय, कामं अडलीत, असशील तसा ये. बहीण राहायची त्यांच्या जुन्या गावी. तिथल्या मुलांच्या नाटकमंडळीचे सगळे कपडे तीच शिवायची. याच मंडळीत हा मशीनवाला लहानाचा मोठा झालेला. खेळ तोंडावर आले होते आणि मशीन बंद. हा नवं शटल खिशात टाकून पहाटेच्या गाडीने निघाला.

तो दिवस त्याने सांगितला तसा मला पक्का आठवतो. डिसेंबरचा शेवटचा शनिवार. आभाळात चंद्र नव्हता, आणि सकाळपासून वारं पडलेलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. हे वाऱ्याचं ध्यानात ठेवा.

दुपारी मशीन चालू झालं. त्यावर बहिणीने त्याच्यासमोरच शेवटचं काम उरकलं. भाचीचे बूट. पांढऱ्या कापडाचे, तळवेसुद्धा कापडाचेच, आत पुठ्ठा घालून जाड केलेले. लाकडी रंगमंचावर पाय वाजू नयेत म्हणून. भाची सात-आठ वर्षांची. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

“आई, घालून बघू?”

“खबरदार! तिथं गेल्यावर घालायचे आणि खेळ संपला की काढून माझ्या हातात द्यायचे. पांढरं कापड आहे, मातीला लागलं की गेलं.”

भिंगरी मामाच्या गळ्यात पडली. “मामा, तू पण होतास ना नाटकात? काय व्हायचास?”

“खांब.”

“खांब काय करतो?”

“उभा राहतो.”

“अजून तेच करतो,” बहीण दोरा तोडत म्हणाली. “एवढी वर्षं इकडे येऊन जरा उभं राहायला काय झालं होतं, कोण जाणे.”

मशीनवाला नुसता हसला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मंडळी चालवणारे मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले, तेव्हाही तो आला नव्हता. त्याला ते कळलंच महिन्याभराने.

“मी दिवा आहे,” भिंगरी म्हणाली. “शेवटी सगळे निघून जातात आणि मी एकटी राहते. मग माझा दिवा विझतो. सगळा काळोख होतो. मग मी जाते.”

“काळोखात कळतं का कुठं जायचं ते?”

“वाट दाखवतात ना.”

मशीनवाल्याने मान हलवली. त्याला ते माहीत होतं. म्हणजे त्याला तसं वाटलं.

आता ही वाट दाखवण्याची भानगड काय, ते सांगतो. त्यांचं सभागृह वरच्या मजल्यावर होतं. खाली दुकानांची गोदामं. रंगमंचाच्या डाव्या हाताला एक दार, आणि दाराबाहेर थेट खाली अंगणात उतरणारा लोखंडी जिना. कपडे बदलायची खोली खाली. म्हणून प्रत्येक प्रवेश संपला की मुलं काळोखात डावीकडच्या दाराने बाहेर पडून जिना उतरायची. लहान पोरं धडपडतील, म्हणून मास्तर शेवटच्या रांगेमागे उभे राहायचे. हातात टॉर्च, टॉर्चच्या काचेला निळा कागद. त्या टॉर्चचा बशीएवढा निळा उजेड ते मुलाच्या पायापाशी टाकायचे आणि हळूहळू दाराकडे सरकवायचे. मुलाने त्या उजेडामागे जायचं. वर बघायचं नाही. आवाज तर मुळीच करायचा नाही. मशीनवाला एकदा, लहान असताना, काळोखात ठेच लागून ‘आई गं’ म्हणाला होता. मास्तर रागावले नाहीत. नुसते जवळ आले आणि म्हणाले, “काळोखात बोललास, तर बघणाऱ्यांना कळतं की काळोखात कोणीतरी आहे.” त्यानंतर हा आयुष्यात काळोखात बोलला नाही. आमच्या खोलीत दिवे गेले, तर मीच एकटा बडबडायचो आणि हा भिंतीसारखा गप्प.

संध्याकाळी तो सभागृहात गेला. दारात एक बाई तिकिटं फाडत होती. तिने याला बघितलं आणि ओरडली, “अरे खांब!”

ही त्याच्याबरोबर लहानपणी काम करायची. नेहमी राणी व्हायची, म्हणून नावच राणी पडलेलं. मास्तरांच्या मागे आता हीच मंडळी चालवत होती.

“केस कुठं गेले रे तुझे?”

“गळले.”

“आणि बोलणं अजून आलंच नाही वाटतं. चल, मागे बस. जुन्यांची रांग मागेच असते.”

आत त्याने सगळं डोळे भरून बघितलं. तीच लाकडी बाकं, तोच गोंदाचा आणि रंगाचा वास, बाजूला सरकवताना अडकणारा तोच पडदा. त्याने डावीकडे बघितलं. दारावर एक काळं कापड टांगलं होतं.

“ते काय?”

“ते दार बंद केलंय. बाहेरचा जिना काढला ना. गंजून चाळण झाली होती त्याची. आता पोरं उजवीकडून आतल्या जिन्याने उतरतात. जमिनीवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्यात, अंधारात दिसतात त्या.”

“मग टॉर्च?”

“कोण धरणार टॉर्च? ते मास्तरांबरोबर गेलं.” राणीने आवाज खाली केला. “जिना काढला तेव्हा मास्तर दवाखान्यात होते. आम्ही त्यांना सांगितलंच नाही. स्वतः दारोदार फिरून, चार पैसे जमवून त्यांनी तो बसवून घेतला होता. म्हटलं, शेवटी शेवटी उगाच जिवाला लावून घेतील. त्यांना कळलंच नाही, बघ.”

मशीनवाला शेवटच्या रांगेत बसला. बहीण पुढे बसली होती, पोरीला नीट बघता यावं म्हणून. घंटा झाली. पडदा अडकला, लोक हसले, मग सरकला.

पहिला खेळ छान झाला. मुलं विसरली, पुन्हा आठवलं, एका राजाची मिशी पडली, भिंगरीही घोळक्यात नाचून गेली. मशीनवालाही हसला. मग दिवे गेले. प्रवेश संपला होता.

आणि रंगमंचावर बशीएवढा निळा उजेड पडला.

त्याला आधी बरं वाटलं. म्हटलं, अजून करतात तर. मग त्याला राणीचं बोलणं आठवलं. उजेड भिंगरीच्या पायापाशी होता. तिथून तो सरकला. डावीकडे. भिंगरी दोन पावलं त्याच्यामागे गेली. तेवढ्यात एका मोठ्या मुलीने तिचा दंड धरला आणि तिला उजवीकडे ओढून नेलं. उजेड तिथंच राहिला. मग जोरात हलला. इकडून तिकडे, इकडून तिकडे. कोणी चुकलं की मास्तर अस्साच हलवायचे.

मशीनवाल्याने मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेमागे भिंत होती. भिंत आणि बाक यांच्यामध्ये एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा.

जागा रिकामी होती. पण पेपरमिंटच्या गोळीचा वास येत होता. मास्तरांच्या तोंडात कायम असायची.

मध्यंतर झालं. तो थेट आत गेला. भिंगरी एका खोक्यावर बसून पाय हलवत होती. पांढरे बूट स्वच्छ होते.

“भिंगरे, वाट कोण दाखवतं गं?”

“ते आजोबा. तुझ्या मागे असतात ते.”

“कधीपासून?”

“तालमीपासून. पण ओढून नेते ती ताई म्हणते, पट्टीवरून चाल. पट्टीवरून गेलं की आजोबा रागावतात.” मग ती त्याच्या कानाशी आली. “शेवटी ना, मी एकटीच असते. मला ओढायला कोणी नसतं. तेव्हा मी त्यांचंच ऐकणार आहे.”

“नाही. पट्टीवरूनच जायचं. ऐकलंस? मामाने सांगितलंय.”

“बरं,” ती म्हणाली. पण मुलं ‘बरं’ कसं म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे.

तो डाव्या दाराशी गेला. काळं कापड बाजूला केलं. आडवी लोखंडी कडी होती, गंजून कोयंड्यात बसलेली. त्याने अंगठ्याने रेटून बघितली, मग दोन्ही हातांनी. आयुष्यभर अडकलेली यंत्रं सोडवलेला माणूस तो. कडी केसभरही हलली नाही. त्याच्या जिवात जीव आला.

तरी राणीला गाठलंच. “शेवटी अंधार करू नकोस.”

“काय? अरे, शेवटच तो आहे! दिवा विझतो आणि अंधार. वर्षभर घासलंय आम्ही ते.”

“मग मी आत थांबतो. दाराशी.”

“खांब, इथं पोरांनाच उभं राहायला जागा नाही. बाहेर हो बरं. तिसरी घंटा देतेय.” आणि तिने त्याला खांद्याला धरून बाहेर काढलं. त्याला कारण सांगायचं होतं. पण काय सांगणार? तोंडाशी आलं ते नेहमीसारखं खाली गेलं.

मग त्याने एक ठरवलं. बाकावर बसायचंच नाही. मास्तर उभे राहायचे, त्याच जागेवर आपण उभं राहायचं. जागा अडवायची. मग बघू उजेड कुठून येतो.

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पाठ घट्ट. मागे बोटही शिरणार नाही अशी. दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवले.

दुसरा खेळ चालू होता. त्याचं त्यात लक्ष नव्हतं. एकेक करून मुलं निघून गेली. मध्ये भिंगरी राहिली. हातात कागदी दिवा. तिने तिचं वाक्य म्हटलं, स्पष्ट, न चुकता. पुढे बसलेल्या बहिणीने डोळ्याला पदर लावला.

दिवा विझला.

काळोख.

मशीनवाल्याच्या उजव्या हातावर काहीतरी टेकलं. थंड. हातावर हात ठेवल्यासारखं.

आणि त्याच्या खांद्यावरून... त्याच्या आणि भिंतीच्या मधून... उजेड निघाला.

निळा. बशीएवढा. भिंगरीच्या पायापाशी पडला.

ती थांबली. पट्टीकडे बघितलं असेल. मामा आठवला असेल.

उजेड हळूच हलला. रागावून नाही. लाडाने.

ती निघाली.

डावीकडे.

ओरड, तो स्वतःला म्हणाला. ओरड. पण गळा... गळा बंद. काळोख होता ना. काळोखात बोलायचं नाही. एवढा बाप्या माणूस, आणि त्याला ठेच लागलेला पोर होऊन उभं राहावं लागलं. पळावं, तर हातावरचा तो हात हटत नव्हता.

पांढरे बूट निळे दिसत होते. एक पाऊल. एक पाऊल. कापडापाशी गेले.

कापड हललं.

कर्र... कडी सरकल्याचा आवाज. दोन्ही हातांनी न हललेली कडी.

सभागृहात गार हवा आली. बाहेरची.

बूट कापडापलीकडे गेले. उजेडही गेला. कापडाच्या खालून नुसती निळी रेघ दिसत होती.

ठण्.

लोखंडावर पाऊल पडल्यासारखं.

ठण्.

आणि मशीनवाला बोलला. भिंगरीशी नाही. ओरडूनही नाही. शेजारच्या माणसाशी बोलावं, तसं.

“मास्तर... जिना काढलाय.”

पुढचे दोघं-तिघं वळले. कोणीतरी ‘शूऽऽ’ केलं.

हातावरचा हात थरथरला.

“तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी. काढलाय. खाली काही नाहीये, मास्तर.”

काहीच नाही. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नाही.

कापडाखालची रेघ थरथरत होती. एखाद्या म्हाताऱ्याच्या हातातली टॉर्च थरथरते, तशी. मग ती जाड झाली. कापड पुन्हा हललं. निळी बशी आत आली. अगदी सावकाश. एक बोट. एक बोट. ओल्या शेवाळावरून चालणाऱ्याला वाट दाखवावी, तशी. तिच्यामागे पांढरे बूट.

रंगमंचाच्या मधोमध येऊन उजेड थांबला.

मग विझला.

त्याचा हात हलका झाला. दिवे लागले. टाळ्या पडल्या. भिंगरी मधोमध उभी होती. तिच्यामागे काळं कापड बाजूला झालेलं, दार सताड उघडं, आणि दारापलीकडे रात्र. बाकी काही नाही. खाली, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर, अंगणातली फरशी.

राणीने बघितलं आणि धावत जाऊन दार ओढून घेतलं. बहीण बाकांवरून उड्या मारत गेली. लोक म्हणाले, वाऱ्याने उघडलं असेल दार. बरं झालं, पोरगी तिकडे गेली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात राणीने गवंडी बोलावून ते दार विटांनी बुजवलं.

“संपलं?” लांब्याने विचारलं.

काकांनी भट्टीचं झाकण उघडलं. आत निखारा धगधगत होता. त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

“पुढच्या वर्षी मी मशीनवाल्याबरोबर त्याच्या बहिणीकडे गेलो होतो. तिने मला कपाटातून ते बूट काढून दाखवले. त्या रात्री खेळ संपल्यावर तिथंच तिने ते भिंगरीच्या पायातून काढून घेतले आणि तेव्हापासून जपून ठेवलेत, म्हणाली. साबणाने धुतले, लिंबाने घासले, उन्हात टाकले. जात नाही.”

“काय जात नाही?”

“गंज. लोखंडी पायरीवर पाय घसरू नये म्हणून तिरक्या रेघा उठवलेल्या असतात ना? त्याच रेघा. तळव्यांच्या पांढऱ्या कापडावर, लालसर, छापल्यासारख्या. घरात शिवलेले, लाकडी रंगमंचापलीकडे कुठं न गेलेले बूट. आणि तो जिना तर त्या खेळाच्या दोन वर्षं आधीच भंगारात गेलेला.”

पिठावरचं फडकं वर आलं होतं, पण उठलं कोणीच नाही. शेवटी लांब्या म्हणाला, “एकाच बुटाला ना काका? म्हणजे... एक पाय बाहेर पडला असेल. दुसरा आतच असेल.”

काकांनी त्याच्याकडे बघितलं.

“दोन्ही,” ते म्हणाले. “टाचेपासून चवड्यापर्यंत.”